दहाला चार

कुवानोकी, २२ मार्च १९६१

शुन्साकु भावजींस,

खाली शहरात बर्फ संपलं असेल. आमच्याकडे अजून खिडकीच्या निम्म्यापर्यंत आहे, पण खालून वितळायला लागलंय. दिवसभर घराखालून पाणी वाहिल्याचा आवाज येतो.

सरळ मुद्द्यावर येते, नाहीतर लिहायचा धीर व्हायचा नाही. घराच्या मागे, सुरूच्या झाडांच्या वर, जमिनीला भेग पडलीय. बर्फ बाजूला झालं तेव्हा दिसली. बोट आत जाईल एवढीच रुंद, पण लांबीला आपलं घर, शेजारचं घर आणि खालचं इसाबुरोचं घर, तिन्ही घरांच्या माथ्यावरून गेलीय. तीन घरांत मिळून आम्ही अकरा माणसं.

परवा ग्रामकचेरीतला कारकून आला होता. त्यानं भेगेच्या अल्याड-पल्याड एकेक खुंट ठोकला, दोन्हींवर आडवी फळी मारली आणि फळी मधोमध करवतीनं कापली. म्हणाला, डोंगर सरकला तर कापलेल्या जागी फट पडेल, ती मोजत जा. वरचे साहेब रस्ता मोकळा झाला की येतील. एवढं सांगून गेला. फट किती झाली म्हणजे घाबरायचं, ते सांगितलंच नाही.

मामंजी म्हणतात, डोंगर दर वसंतात आळस देतो, त्यात काय. हे घर त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलंय, ते हलायचं नाव काढणार नाहीत. तुमचे दादा तोक्योत बांधकामावर आहेत, एप्रिलअखेर येतील. त्यांना कळवलं तर हातचं काम टाकून धावत सुटतील, म्हणून कळवलं नाही. तुम्हीही कळवू नका.

तुम्ही गणिताचे मास्तर. लहानपणी माझ्या शिवणाच्या खडूनं भिंतभर आकडे मांडायचात, त्याचा आता तरी उपयोग होऊ द्या. मला एवढंच सांगा, पोरीला, मियोला घेऊन कधी पळायचं?

तुमची वहिनी,
फुसाए

---

नागाओका, २५ मार्च

वहिनी,

पत्र वाचून लगेच लिहायला बसलो. दादाला कळवत नाही, पण त्याच्या बदल्यात मी सांगतो तसं करायचं, नेमानं.

फट किती मोठी आहे याला फार महत्त्व नाही, ती किती वेगानं वाढतेय याला आहे. मी भिंतीवर आलेखाचा कागद लावलाय. आडव्या रेषेवर दिवस, उभ्या रेषेवर फट. तुम्ही फट मोजून कळवायची की मी कागदावर एक ठिपका देणार. पुन्हा मोजलं की दुसरा ठिपका. दोन ठिपक्यांतून एकच सरळ रेषा जाते. फट जेवढी वाढली त्याला मध्ये गेलेल्या दिवसांनी भागायचं, की रेषेचा चढ मिळतो. दुसरीतल्या पोरालाही जमेल.

फळी वीस तारखेला कापली, त्या दिवशी फट शून्य. हा माझा पहिला ठिपका. दहा दिवसांनी, तीस तारखेला मोजा. पुढेही असंच.

चढ तोच राहिला तर डोंगर आपल्या चालीनं चाललाय, दादा येईपर्यंत वेळ आहे. चढ वाढला तर सामानसुमान न बघता निघायचं, समोरच्या डोंगरावरच्या देवळात. तिथला खडक पक्का आहे.

बाबांना माझा नमस्कार. ते चिडले तर माझ्या नावावर खपवा.

शुन्साकु

---

कुवानोकी, ३१ मार्च

भावजी,

काल मामंजींनी स्वतः वर जाऊन मोजलं. मला जाऊ दिलं नाही. फट चार बू, म्हणजे करंगळी जाईल एवढी. सरकारनं आता सेंटिमीटर आणलेत, पण मामंजींसमोर सेंटिमीटर म्हणायची माझी छाती नाही, तेव्हा बूमध्येच लिहिते.

तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. मला वाटलं, भडकतील. तर हसायलाच लागले. म्हणाले, ‘हे शिकायला पोराला एवढ्या लांब पाठवलं होय मी? हे तर छपराचं माप. आडवं दहा गेलं की उभं किती चढतं ते.’ मग चुलीतल्या राखेत काडीनं छप्पर काढून दाखवलं. दहा दिवसांत चार बू, म्हणजे दहाला चार. आपल्या गोठ्याचं छप्पर दहाला चारचं आहे म्हणे.

भावजी, मग मी संधी साधली. विचारलं, मामंजी, कितीचं छप्पर झालं म्हणजे आपण निघायचं? त्यांनी काडीनं राखेतलं छप्पर आणखी उभं केलं. मग म्हणाले, दहाला सहाच्या वर बर्फ छपरावर टिकत नाही, आपोआप घसरतं. तेवढं झालं तर बघू. मी म्हटलं, बघू नाही, निघू म्हणा. ‘निघू,’ म्हणाले. इसाबुरोसमोर म्हणाले, म्हणजे आता शब्द फिरवणार नाहीत.

दुसऱ्या दोन घरांतली माणसंही आता आमच्याच आकड्याकडे डोळे लावून आहेत. पाण्याला गेले की विचारतात, तुमचे मास्तर काय म्हणतात?

बर्फातून वर आलेले फुकीच्या रानभाजीचे कोंब मिसोच्या वाटणात परतून डबीत घातलेत. कडू आहेत, पण तुम्हाला आवडतात.

फुसाए

---

नागाओका, ३ एप्रिल

वहिनी,

दोन ठिपके जोडले. बाबांचं बरोबर आहे, दहाला चार. त्यांच्या सहाच्या नियमाला माझीही सही. मी कितीही समजावलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं, ते छपरानं केलं.

डबी एका दिवसात संपवली.

शुन्साकु

---

कुवानोकी, १० एप्रिल

भावजी,

काल वीस दिवस झाले. मामंजींनी मोजून आणलं, आठ बू.

मियो शाळेत जायला लागली. नवं दप्तर पाठीवर घेऊन झोपायचा हट्ट करते. शाळा देवळाच्याच बाजूला आहे, तेव्हा दिवसाचे चार तास तरी ती त्या पक्क्या खडकावर असते, म्हणून मला बरं वाटतं. ती घरी यायला निघाली की वाटतं, तिथंच राहिली असती तर बरं. आई असून असं वाटावं, पण वाटतं.

तळ्यातलं पाणी वीतभर उतरलंय. मासे एका कोपऱ्यात गोळा झालेत. मामंजी म्हणतात, उंदरांनी बांध पोखरला असेल. आणि माजघराचं सरकतं दार अडकायला लागलंय. मामंजींनी रंधा मारून नीट केलं, चार दिवसांनी परत अडकलं, परत रंधा मारला. म्हटलं, लाकूड ओलं झालं असेल का? म्हणाले, तीस वर्षं वाळलेलं लाकूड आता कशाला ओलं होतंय. आणि रंधा पेटीत टाकून कुलूप घातलं. सुतारानं दार अडकलंय म्हणणं त्यांना कमीपणाचं वाटतं.

आठ बू ठीक आहे ना? लवकर लिहा.

फुसाए

---

नागाओका, १२ एप्रिल

वहिनी,

अगदी ठीक आहे. तिसरा ठिपका त्याच रेषेवर पडला. चारावरून आठ, दहा दिवसांत, पुन्हा दहाला चार. सरळ रेषा म्हणजे सरळ माणूस, ओठात एक आणि पोटात एक असं तिचं नसतं. नव्या वर्गावर तुमच्याच भेगेचा आलेख काढून दाखवला, नाव न सांगता. पोरांना एकदम समजलं.

तळ्याचं आणि दाराचं मनावर घेऊ नका. जुन्या घरांत हे चालायचंच. तरी आता पाच दिवसांनीच मोजा, चौदाला.

मियोला माझ्याकडून रंगीत पेन्सिली पाठवतोय.

शुन्साकु

---

कुवानोकी, १४ एप्रिल

भावजी,

आज मोजलं. दहा बू. पाच दिवसांत दोन वाढली. राखेत मांडून बघितलं, मलाही दहाला चारच येतंय. बरोबर आहे का ते कळवा.

आज एवढंच. घाईत आहे.

फुसाए

---

कुवानोकी, १५ एप्रिल

भावजी,

कालचं पत्र टाकलं आणि रात्रभर डोळा लागला नाही. म्हणून सकाळी मामंजींची पेज झाल्याबरोबर हे लिहायला बसले. त्यांची आज्ञा मोडून लिहितेय, मला बोल लावू नका.

मामंजी अकरा तारखेपासून अंथरुणात आहेत. तळ्याचा बांध बघायला गेले आणि चिखलात घसरले. कमरेत भरलंय, कूस बदलतानाही ओरडतात. तुम्हाला कळवायचं नाही अशी शपथ घातली. म्हणाले, पोरगं उगाच धावत येईल, आणि आल्यावर मला उचलून न्या म्हणेल.

परवापासून झऱ्याचं पाणी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ येतंय. माजघराचं दार आता वीतभरसुद्धा सरकत नाही, आणि रंधा मारणारे हात अंथरुणात. काल दुपारी मी अंगणात बर्फ लोटत होते, तर वरून सुरूंच्या दिशेनं टण् टण् असा आवाज आला, शिवताना ताणलेला दोरा तुटतो तसा. मुळं तुटत असणार. इसाबुरोची बायको म्हणाली, ऐकलंत? मी म्हटलं, नाही. का म्हटलं कोण जाणे.

आकडा म्हणतोय, घाबरू नकोस. आणि अंग म्हणतंय, पळ. भावजी, आकडा खरा की अंग? मोजण्यात माझी चूक नाही. अगदी गुडघे टेकून, नाक फळीला लावून मोजलं. मामंजींचा गुण्या, मोजायचा लोखंडी काटकोन, त्यांच्या हत्यारांच्या पेटीत आहे, त्या पेटीला घरातल्या बाईनं हात लावायचा नाही हे तुम्हाला माहीतच आहे, आणि आजारी माणसाकडे किल्ली कुठं मागू. म्हणून माझी शिवणाची बांबूची पट्टी घेऊन गेले. तिच्यावरच्या खुणा मला अंधारातही कळतात. बरोबर दहा बू होती.

मामंजींनी आतून विचारलं, किती? म्हटलं, दहा. ‘मग दहाला चारच,’ म्हणाले आणि डोळे मिटले.

तुम्ही म्हणाल तर थांबेन. पण लवकर म्हणा.

फुसाए

---

नागाओका, १६ एप्रिल

वहिनी,

चौदा तारखेचं पत्र आत्ता मिळालं, वर्गावर जाता जाता उत्तर लिहितोय. बरोबर आहे तुमचं. चौथा ठिपकाही रेषेवर, दहाला चार. डोंगराची चाल बदललेली नाही. दादा पंधरवड्यात येतोय. तोवर आहात तिथंच राहा आणि निवांत झोपा.

शुन्साकु

---

तार. नागाओका, १७ एप्रिल, सकाळी ९.४०

पट्टी वेगळी. बाबांना सांगा छप्पर दहाला चार नव्हे नऊ. आजच निघा. शुन्साकु

---

नागाओका, १७ एप्रिल

वहिनी,

तुमचं पंधराचं पत्र आज सकाळी मिळालं, लगेच तार केली. ती या पत्राआधी पोचावी, एवढंच मनात आहे. कालचं माझं पत्र मिळालं असेल तर फाडून चुलीत घाला. आणि मिळायचं असेल तर न मिळो.

शिवणाच्या पट्टीवरचा बू सुताराच्या बूपेक्षा मोठा असतो, सव्वापट. तुमच्या पट्टीवरचे दहा म्हणजे बाबांच्या गुण्यावरचे साडेबारा. नऊ तारखेचा ठिपका बाबांच्या गुण्यानं दिलेला, आठ. चौदाचा तुमच्या पट्टीनं, दहा. मी दोन वेगवेगळ्या मापांचे ठिपके एका कागदावर ठेवले आणि मधून रेघ मारली. खरा ठिपका साडेबारावर आहे. पाच दिवसांत साडेचार. दहाला नऊ. सहा केव्हाच ओलांडलं, वहिनी, आणि मी तुम्हाला निवांत झोपा म्हणून लिहिलं.

तुमचा काही दोष नाही. दरवर्षी पहिल्या तासाला मी पोरांना बजावतो, आकड्याच्या पुढे माप कशाचं ते लिहा, नाहीतर गुण कापीन. तुम्हाला एकदाही विचारलं नाही, कुठल्या पट्टीनं मोजलंत. बाबाच मोजताहेत असं धरून चाललो. तळं, दार, सगळं तुम्ही लिहिलं होतं. ते वाचलं आणि बाजूला ठेवलं, कारण रेषा सरळ येत होती.

दुपारच्या बसनं निघतोय.

शुन्साकु

---

नागाओका, १९ एप्रिल

वहिनी,

हे पत्र कोणाच्या हातात पडेल, ठाऊक नाही. तरी तुमच्याच नावानं लिहितोय.

परवा बस अर्ध्या वाटेपर्यंतच गेली. काल पहाटे पायी निघालो, दुपारी नदीच्या वळणाशी पोलिसांनी अडवलं. पुढचा रस्ता खचला होता, तारांचे खांब आडवे झाले होते. मी म्हटलं, वर माझं घर आहे. ते म्हणाले, म्हणूनच जाऊ देत नाही. संध्याकाळपर्यंत तिथंच बसलो. वरून कोणीही उतरून आलं नाही.

आजच्या वर्तमानपत्रात चार ओळी आहेत. कुवानोकीजवळ काल डोंगर सरकला, घरं आणि माणसं किती याचा तपास लागलेला नाही. चारच ओळी, आणि मी त्या किती वेळा वाचल्या असतील.

तारघरात विचारलं, माझी तार पोचली का? म्हणाले, सतरा तारखेला तुमच्या खालच्या गावापर्यंत गेली, तिथून वर माणूस घेऊन जातो, पुढचं कळत नाही. त्या माणसाला उशीर झाला असेल का, तो वाटेत चहाला थांबला असेल का, बाबांनी तार वाचून बाजूला टाकली असेल का, एवढंच डोक्यात चाललंय.

आलेखाचा कागद अजून भिंतीवर आहे. काढायला हात उचलत नाही. चार ठिपके, आणि त्यांतून माझी ती सुंदर सरळ रेघ.

कोणीतरी उत्तर द्या.

शुन्साकु

---

समोरच्या डोंगरावरचं देऊळ, २० एप्रिल

शुन्साकु भावजींस,

आधी हे वाचा. आम्ही सगळे आहोत. मामंजी, मियो, मी, शेजारचे, इसाबुरोकडचे. अकराच्या अकरा. मी स्वतः तीनदा मोजले. तुमच्या दादांना तार करायचं काम खाली जाणाऱ्या माणसावर सोपवलंय, हे पत्रही तोच नेतोय.

घर नाही. अठराला सकाळी अकराच्या सुमारास गेलं.

तुमची तार सतराला दुपारी आली. पोस्टाचा माणूस कमरेपर्यंत चिखलानं भरला होता. मी तार वाचली आणि काही म्हणजे काही कळेना. पट्टी वेगळी म्हणजे काय? मामंजींना वाचून दाखवली. पहिल्यांदा तुम्हालाच शिव्या दिल्या, शहरात राहून पोराचं डोकं फिरलं म्हणाले. मग तार माझ्या हातून ओढून घेतली. मला म्हणाले, ‘सूनबाई, तू कशानं मोजलंस?’

मी पट्टी आणून दाखवली. भावजी, मला ठाऊक होतं हो. लग्न होऊन आले त्याच वर्षी सासूबाईंनी सांगितलं होतं, आपली पट्टी कापडाची, त्यांचा गुण्या लाकडाचा, एकाचं माप दुसऱ्याला सांगायचं नाही. सोळा वर्षं पाळलं. आणि त्या दिवशी डोक्यातच आलं नाही. फट बघून एवढी भ्याले होते की आकडा मिळाला यातच सुटल्यासारखं झालं.

मामंजींनी गळ्यातली किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. पेटी मी उघडली. गुण्या आणि पट्टी त्यांनी रजईवर शेजारी शेजारी ठेवली आणि पट्टीच्या दहाव्या खुणेवर नख लावलं. गुण्यावर ते साडेबारावर आलं. नख न उचलता त्यांनी खुणा पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. मग म्हणाले, ‘हा घेऊन वर जा आणि आजचं मोज. पळत जा.’

गेले. भेगेत आता हात जात होता. गुण्यानं मोजली, अठरा बू. धावत आले. मामंजींनी राखेत मांडलं नाही, पडल्या पडल्या बोटांवरच हिशेब केला. तीन दिवसांत साडेपाच. म्हणाले, ‘दहाला अठरा. हे छप्पर नव्हे, ही भिंत आहे.’ आणि मग, शांतपणे, ‘मी इसाबुरोसमोर शब्द दिलाय. बोलाव त्याला.’

तुमचं पत्र आज इथं पोचलं, त्यातलं सगळं तेव्हाच राखेपाशी कळलं होतं. पण तारेत छप्पर लिहिलंत ते बरं केलंत. नुसतं पळा म्हटलं असतंत तर ते हलले नसते.

त्यांना उचलून न्यायला काही नव्हतं. माजघराचं दार इसाबुरोनं आणि त्याच्या भावानं दणके देऊन खाचेतून बाहेर काढलं आणि त्यावर त्यांना निजवलं. उंबरा ओलांडताना मामंजी दाराच्या कडेवरून हात फिरवत म्हणाले, ‘दोनदा रंधा मारला मी याला. ते मला सांगत होतं आणि मी त्यालाच तासत होतो.’ दिवस मावळायच्या आत देवळात आलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे इथल्या पायऱ्यांवरून बघत होतो. मला वाटलं होतं, कडाडून आवाज होईल, डोंगर कोसळेल. तसं काहीच झालं नाही. सुरू उभेच्या उभे खाली यायला लागले. मग आपलं घर हललं. मोडलं नाही, भावजी. छप्पर सरळ ठेवून, घर जरासं वळून, ओढ्याच्या दिशेनं चालत गेलं आणि मग मातीत बुडालं. मियोनं विचारलं, घर कुठं चाललं? मामंजी दारावर पडूनच बघत होते. म्हणाले, ‘जोड सुटले नाहीत.’ आणि तोंड भिंतीकडे वळवलं. काल दिवसभर तसेच होते. पेजेपुरते वळले.

तुम्ही स्वतःला खात बसाल, मला माहीत आहे. बसू नका. चुकले तर आपण तिघंही. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही, आणि मामंजींनी दार तासलं. पण तुमचं ‘निवांत झोपा’चं पत्रही आज याच माणसानं आणून दिलं. तारेऐवजी हे हातात पडलं असतं तर मी झोपले असते. ते चुलीत घालायला सांगितलं होतंत. घातलं नाही, जपून ठेवलंय. का, ते विचारू नका.

आज सकाळी मामंजी पहिल्यांदा बोलले. म्हणाले, दोन खुंट आण आणि एक फळी. देवळाच्या मागं, खडक आणि माती मिळते तिथं इसाबुरोकडून ठोकून घेतली, मधोमध कापून घेतली. भटजी म्हणाले, इथं भेग कुठाय? मामंजी म्हणाले, तिथं तरी कुठं होती. गुण्या आता माझ्याकडेच असतो.

आत्ता मोजून आले. शून्य आहे. पण एका ठिपक्यावरून चढ कळत नाही, असं तुम्हीच शिकवलंत. मियो शेजारी तुमच्या पेन्सिलींनी घर रंगवतेय, आणि मी उद्याची वाट बघत बसलेय.

तुमची वहिनी,
फुसाए